छपरातला उजेड आणि छपरावरचा माणूस

व्याख्यानमालेचे दिवस आणि शाकारणीचे दिवस कोकणात एकाच वेळी येतात. चैत्र-वैशाखात संध्याकाळी गावातील मंडळी व्याख्यानाला जमतात, आणि त्याच दिवसांत सकाळी त्यांच्या घरांवर माणसे चढलेली असतात. उरणपासून श्रीवर्धनपर्यंतच्या किनाऱ्यावर आगोटीच्या कामांत छपराचे काम पहिले. मृगाच्या आधी फुटकी कौले बदलली नाहीत, पत्र्यांचे ढिले झालेले बोल्ट आवळले नाहीत, तर पुढचे चार महिने घरात पातेली मांडून बसावे लागते, हे येथे कोणाला सांगावयास नको. या शाकारणीत दडलेल्या एका विशिष्ट धोक्याचा विचार आम्ही या लेखात करणार आहोत. छपराच्या कडेवरून माणूस पडतो, हे सर्वांना ठाऊक आहे. पण कडेपासून दूर, छपराच्या ऐन मध्यावर उभा असलेला माणूसही पडतो. तो छपरावरून पडत नाही, छपरातून पडतो. आणि ज्या जागेतून तो पडतो ती जागा पुष्कळदा आपणच, घरात उजेड यावा म्हणून, मुद्दाम ठेवलेली असते.

प्रथम छपराची घडण पाहू. पूर्वी पेंढ्याची आणि गवताची छपरे होती. मग नळीची कौले आली. १८६५ साली बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि तेथील चपटी, खाचेत खाच बसणारी कौले गलबतांतून साऱ्या पश्चिम किनाऱ्यावर पसरली. ही कौले नळीच्या कौलांपेक्षा नीट बसत, म्हणून घरातला काळोख वाढला. त्यावर तोड म्हणून त्याच साच्याचे काचेचे कौल निघाले. स्वयंपाकघरात, देवघरात, माजघरात एखाद-दुसरे काचेचे कौल नाही असे जुने घर या किनाऱ्यावर विरळा. पुढे सिमेंटचे पत्रे आले, लोखंडी पत्रे आले, आणि त्यांच्याबरोबर त्याच नागमोडी घडीचे फायबरचे पारदर्शक पत्रे आले. पेणच्या गणपतीच्या कारखान्यांतील मांडव, बंदरावरील बर्फाचे कारखाने, भाताच्या गिरण्या, उरण-पनवेलच्या बाजूची मोठमोठी गोदामे, रोह्याच्या आणि महाडच्या औद्योगिक वसाहतींतील शेड, यांपैकी कोठेही मान वर करून पाहिले तर ठरावीक अंतरावर असे उजेडाचे पट्टे दिसतील. दिवसा वीज जाळावी लागत नाही, हा त्यांचा मोठा गुण. त्यांच्या विरुद्ध आमचे काही म्हणणे नाही. म्हणणे एवढेच, की उजेडाचा पत्रा हा खालून पाहणाऱ्याला खिडकी असतो आणि वर चालणाऱ्याला भोक असते.

हे असे का होते, हे समजण्यासाठी छपराचा भार कोण पेलते ते पाहावयास हवे. कौलारू घरात आढे आणि वासे हा सांगाडा. वाशांवर आडव्या रिपा. रिपेला कौलाची मागची नाकाडी अडकलेली. कौल हे पाणी वाहून नेण्यासाठी आहे, माणूस पेलण्यासाठी नव्हे. जुना शाकारणी करणारा कारागीर हे जाणतो. तो पाय टाकतो तो वाशाच्या रेघेवर, आणि पाख्यावर आडवी-उभी शिडी टाकून तिच्यावर बसून काम करतो, म्हणजे अंगाचा भार एका कौलावर न पडता अनेक वाशांवर विभागला जातो. पत्र्याच्या छपरात वाशांच्या जागी कैच्या असतात आणि रिपांच्या जागी पर्लिन. पत्रा पर्लिनला बोल्टने आवळलेला असतो. दोन पर्लिनमधले अंतर मीटरभर किंवा त्याहून अधिक. त्या मधल्या भागात पत्र्याखाली हवेशिवाय काही नसते.

लोखंडी पत्रा, तो गंजलेला नसेल तर, भाराने आधी वाकतो. पायाला तो दबल्याचे कळते आणि माणूस मागे सरतो. सिमेंटच्या पत्र्याचे तसे नाही. तो ठिसूळ आहे. तो वाकून इशारा देत नाही. तडकतो आणि त्याच क्षणी जातो. काचेच्या कौलाचीही तीच गत. फायबरच्या पत्र्याची गोष्ट आणखी वेगळी आहे. नवा असताना तो लवचीक असतो. परंतु उन्हातील अतिनील किरणांनी त्यातील राळ वर्षानुवर्षे खराब होत जाते, धागे उघडे पडतात, पत्रा पिवळा आणि मग कडक होतो. बोल्टांच्या भोकांभोवती बारीक चिरा पडतात. ज्या पत्र्यावर दहा वर्षांपूर्वी एखादा माणूस चुकून उभा राहिला आणि काही झाले नाही, त्याच पत्र्यावर आज तो उभा राहिला तर तो खाली जाईल. “मागच्या वेळी तर आम्ही याच्यावरूनच गेलो होतो” हा पुरावा म्हणून धरता येत नाही, तो यामुळे.

किनाऱ्यावरील हवा यात आणखी भर घालते. खारा वारा बोल्ट आणि पर्लिन खातो. वर्षाकाठी २,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि पत्र्यांवर शेवाळ धरते. शेवाळ वाळले की काळे होते आणि सिमेंटचा पत्रा व फायबरचा पत्रा यांत वरून फरक राहत नाही. दोघांची घडी एकच, रंगही एकच. गळती थांबावी म्हणून कोणी डांबर फासतो, कोणी सगळ्या पाख्याला एकच रंग देतो. आणि घरोघर दिसणारे ते निळे प्लॅस्टिक! पावसाच्या तोंडावर ते अंथरले, वर दगड किंवा विटा ठेवल्या, की खाली कौल कोठे, काच कोठे, फुटलेली जागा कोठे, हे देवच जाणे. जाळ्यात पडणाऱ्या जनावरासाठी शिकारी खड्ड्यावर पाला पसरतो. आपण तेच करतो, फक्त आपला तसा हेतू नसतो.

याची परीक्षा या किनाऱ्याने २०२० साली पाहिली. ३ जून २०२० रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आले. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता, झोत त्याहून अधिक. मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा या भागांत नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या आणि घरांवरची कौले व पत्रे उडाले. मोसमी पाऊस उंबरठ्यावर, टाळेबंदी चालू, बाहेरगावचे कारागीर येऊ शकत नव्हते आणि छपराचे सामान मिळत नव्हते. अशा वेळी ज्याने आयुष्यात कधी आढ्याला हात लावला नव्हता तोही घरावर चढला. पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेले आणि पुन्हा तेच. वादळानंतरचे छप्पर हे सर्वांत फसवे छप्पर होय. जे उडाले ते दिसते. जे जागेवर राहिले त्याचे बोल्ट सुटले आहेत की पत्रा तडकला आहे, हे दिसत नाही. म्हणून हा प्रश्न केवळ कारखान्यांचा आहे असे समजून चालणार नाही. वादळे येत राहणार आहेत आणि प्रत्येक वादळानंतर हजारो अननुभवी पाय छपरांवर पडणार आहेत.

उंची किती, असे कोणी विचारील. साधे गणित करू. ३.५ मीटर उंचीच्या पाख्यावरून माणूस खाली पडला तर त्याला जमिनीशी पोचावयास एक सेकंदही लागत नाही, आणि पोचताना त्याचा वेग ताशी सुमारे ३० किलोमीटर असतो. गोदामाची उंची ८ मीटर धरली तर वेळ सव्वा सेकंद आणि वेग ताशी ४५ किलोमीटर. या अवधीत हात पुढे करावा, काही धरावे, हे मनात येईपर्यंत सारे संपलेले असते. कडेवरून घसरणाऱ्या माणसाला निदान घसरल्याचे कळते, एखादा वासा, एखादी पन्हळ हाताशी येते. पत्र्यातून जाणाऱ्याच्या पायाखालची जमीनच नाहीशी होते. आणि खाली बहुधा वाळूही नसते, मातीही नसते. यंत्र असते, सिमेंटची फरशी असते.

येथे एका समजुतीचा विचार करणे अवश्य आहे. अशी घटना घडली की लोक म्हणतात, “निष्काळजीपणा केला, बघून पाय टाकायला नको का?” आम्हांस हा आरोप मान्य नाही. छपरावर काम करणारा माणूस पायाकडे बघत चालण्यासाठी वर गेलेला नसतो. त्याच्या हातात तीन मीटर लांबीचा पत्रा असतो, जो त्याच्या पायांना त्याच्याच नजरेआड करतो. वारा आला की तो पत्रा त्याला एक पाऊल बाजूला ढकलतो. बोल्ट आवळताना तो मागे मागे सरकत जातो. दुपारी दमला की पाख्यावर टेकतो, आणि टेकताना जरा उंचवट्याची, गुळगुळीत जागा शोधतो. ती जागा उजेडाच्या पत्र्याची असू शकते. हाताखालच्या पोराने खालून हाक मारली की तो वळतो. यांतील एकही गोष्ट निष्काळजीपणाची नाही; ही सारी कामाचीच अंगे आहेत. ज्या व्यवस्थेत माणसाने दिवसभरात एकदाही चुकता कामा नये अशी अट आहे, ती व्यवस्थाच चुकीची. धोका ज्याला दिसत नाही त्याच्यावर दोष ठेवण्यापेक्षा, ज्याला तो ठाऊक आहे त्याने काय केले, हे विचारणे न्यायाचे आहे. काचेचे कौल कोठे आहे हे घरधन्याला ठाऊक असते. ते खालून रोज दिसते. वर चढणाऱ्याला ते ठाऊक नसते.

आता उपाय. त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे, कारण आपण बहुधा शेवटचा उपाय आधी धरतो.

पहिला उपाय म्हणजे वर न जाणे. पुष्कळ कामे खालून होतात. एक काचेचे कौल बदलावयाचे असेल तर घरात परांची उभारून, आतून, कौल उचलून बदलता येते. गोदामातील उजेडाचा पत्रा साफ करणे, त्याचा बोल्ट पाहणे, हेही पुष्कळदा चाकांच्या परांचीवरून खालून होते. पाहणीच करावयाची असेल तर आज लांब काठीला भ्रमणध्वनी बांधूनही छपराचे छायाचित्र घेता येते.

दुसरा उपाय म्हणजे भोक झाकणे. नवे छप्पर घालताना प्रत्येक उजेडाच्या पत्र्याखाली पर्लिनला पक्की बांधलेली लोखंडी जाळी घातली, तर उजेड येतो आणि माणूस जात नाही. हे काम छप्पर उघडे असताना सोपे आणि स्वस्त. नंतर तेच अवघड. जुन्या छपरात जाळी वरून बसविता येते किंवा उजेडाच्या पत्र्याभोवती कठडा करता येतो. दुरुस्तीपुरते झाकण ठेवावयाचे असेल तर ते नुसते टाकून चालत नाही. बांधलेले हवे, नाहीतर कोणी पत्रा समजून उचलतो आणि स्वतःच भोकात पाऊल टाकतो. त्याच्यावर ठळक रंगाने खूणही हवी.

तिसरा उपाय म्हणजे चालण्याची वाट करणे. रुंद, जाड फळ्या किंवा आडव्या पट्ट्या ठोकलेल्या चालफळ्या पाख्यावर अशा टाकाव्यात, की त्यांची टोके दोन्हीकडे पर्लिनवर किंवा वाशांवर टेकतील, आणि त्या आढ्याला दोराने बांधाव्यात. फळी एकच असून चालत नाही. एकीवर उभे राहून दुसरी पुढे सरकवावी लागते, म्हणून किमान दोन हव्यात. बोल्टांच्या रेघेवरून चालावे, कारण खाली पर्लिन असते, असा एक सल्ला पत्र्यांवर काम करणाऱ्यांत प्रचलित आहे. तो अगदीच खोटा नाही. पण ती रेघ म्हणजे दोन-तीन बोटे रुंदीची पाऊलवाट आहे. हातात ओझे असताना त्या वाटेवर विसंबणे म्हणजे दोरीवर चालणे होय.

चौथा उपाय म्हणजे पडलाच तर झेलणारे जाळे, आणि पाचवा म्हणजे अंगाचा पट्टा. पट्ट्याविषयी थोडे अधिक सांगतो, कारण “पट्टा दिला आहे” एवढे म्हटले की पुष्कळ मालकांचे समाधान होते. नुसत्या कमरेच्या पट्ट्यावर पडणाऱ्या माणसाच्या पोटाला व कण्याला जबर इजा होऊ शकते. म्हणून खांदे, छाती आणि मांड्या यांतून जाणारा पूर्ण अंगाचा पट्टा हवा. तो ज्याला अडकवावयाचा ती जागा भक्कम हवी. पन्हळीला किंवा पत्र्याच्या बोल्टला बांधलेला दोर हा दोर नव्हेच. आणि तिसरे म्हणजे खाली जागा हवी. दोर १.८ मीटरचा, झटका शोषणारी पट्टी उलगडून सुमारे १.१ मीटर, पट्ट्याच्या कडीपासून पायापर्यंत १.५ मीटर, आणि राखीव १ मीटर धरला तर दोर जेथे अडकविला आहे तेथून खाली सुमारे साडेपाच मीटर मोकळे हवेत. साडेतीन मीटर उंचीच्या घरावर असा लांब दोर बांधलेला माणूस दोराने पुरता थांबविण्याआधीच जमिनीवर पोचतो. तेथे दोर आखूड हवा, इतका आखूड की माणूस धोक्याच्या जागेपर्यंत पोचूच नये. शिवाय लटकलेल्या माणसाला काही मिनिटांत खाली उतरविण्याची तयारीही हवी. फार वेळ पट्ट्यात लोंबकळत राहणे हेच जिवावर बेतू शकते.

इतर देशांनी याचा विचार कसा केला आहे? अमेरिकेत कामगारांच्या सुरक्षिततेविषयीच्या नियमांत छपरातील उजेडाचा पत्रा हा भोक म्हणूनच गणला जातो, आणि ते झाकणे, त्याला कठडा करणे किंवा माणसाला दोराने सुरक्षित करणे बंधनकारक आहे. झाकण असेल तर त्याच्यावर येऊ शकणाऱ्या जास्तीत जास्त भाराच्या दुप्पट भार त्याने पेलला पाहिजे. इंग्लंडात छपराचा पत्रा ठिसूळ आहे की नाही हे ठरविण्याची एक साधी परीक्षा आहे: ४५ किलोग्रॅम वजनाची वाळूची पिशवी १.२ मीटर उंचीवरून त्याच्यावर टाकावयाची. पिशवी आरपार गेली तर पत्रा ठिसूळ. या परीक्षेत एक शहाणपण आहे. माणूस पत्र्यावर हळूच उभा राहील असे ती धरत नाही. तो अडखळून धाडकन पडेल असे धरते.

आपल्याकडे १९४८ च्या कारखाने अधिनियमाने उंचावर काम करणाऱ्याच्या सुरक्षिततेची तरतूद मालकावर टाकली होती. १९९६ च्या बांधकाम कामगारांच्या कायद्याखालील नियमांत उतरत्या छपरांवरील कामाचा आणि चालफळ्यांचा उल्लेख होता. हे दोन्ही कायदे आता व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती यांविषयीच्या २०२० च्या संहितेत सामावले असून ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. कारखान्यात, गोदामात, ठेकेदाराच्या मोठ्या कामावर कायद्याचा हात पोचू शकतो. परंतु दहांहून कमी माणसे जेथे काम करतात ते बांधकाम आणि स्वतःच्या राहत्या घराचे लहान काम या कायद्यांनी पूर्वीही बाहेर ठेवले होते आणि आजही ठेवले आहे. म्हणजे आपल्या गल्लीत, आपल्या घरावर, दोन दिवसांच्या रोजावर जो माणूस चढतो, त्याच्यासाठी निरीक्षक येणार नाही. त्याचा निरीक्षक घरधनीच. निष्काळजीपणाने कोणाचा जीव गेला तर फौजदारी कायदा आहे, हे खरे. पण तो माणूस गेल्यावर येतो.

हे ओझे घरधन्याला जड वाटण्याचे कारण नाही. माणूस बोलावण्याच्या आदल्या दिवशी घरात फिरून मान वर करावी आणि काचेची कौले, फायबरचे पत्रे, गळणाऱ्या जागा एका कागदावर मांडाव्यात. कोठल्या भिंतीपासून किती हात, एवढे लिहिले तरी पुरे. तो कागद वर चढणाऱ्याच्या हाती द्यावा आणि तोंडानेही सांगावे. वरचे निळे प्लॅस्टिक आधी शिडीवरून काढून घ्यावे, मगच माणूस पाख्यावर जाऊ द्यावा. ज्या खोलीवर काम चालू आहे ती खोली रिकामी ठेवावी. मुले खाली खेळत राहू नयेत. सकाळी दव असताना किंवा पहिली सर येऊन गेल्यावर काम थांबवावे, आणि त्या थांबलेल्या वेळाचा रोज कापू नये. कारण रोज कापला जाणार हे ठाऊक असलेला माणूस ओल्या पत्र्यावरही चढतो. फळ्या नसतील तर शेजाऱ्यांच्या मिळून आणाव्यात. एका आळीला दोन चांगल्या चालफळ्या आणि एक पट्टा पुरेल. तो एकदा घेतला की वर्षानुवर्षे कामी येईल. गणेशोत्सवासाठी आळीत वर्गणी गोळा होते, तशी यासाठीही होऊ शकते. ग्रामपंचायतीने असे सामान ठेवून शाकारणीच्या महिन्यात उसने दिले तर आणखी बरे. सिमेंटचा पत्रा काढावयाचा असेल तर तो फोडू नये, ओला करून अखंड उतरवावा, कारण त्यातील अॅस्बेस्टॉसची धूळ फुफ्फुसांना घातक आहे.

आणि इतके करूनही कोणी पडला, तर त्याला हातापायांना धरून उचलून रिक्षात घालू नये. पाठीचा कणा किंवा मान दुखावली असेल तर त्या उचलण्यानेच माणूस कायमचा पंगू होऊ शकतो. त्याचे डोके व मान स्थिर धरावी, रक्त येत असेल तेथे दाबून धरावे आणि १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. तो उठून बसला आणि “काही नाही झाले” म्हणाला तरी त्याला डॉक्टरांकडे नेलेच पाहिजे. पोटातील आणि डोक्यातील इजा तासा-दोन तासांनी वर येते.

छपराचे काम करणारा माणूस बहुधा आपल्यातलाच असतो, नाहीतर पोटासाठी दूरच्या गावाहून आलेला असतो. तो आपले घर चार महिने कोरडे राहावे म्हणून वर चढतो. त्याचे कसब आपण विकत घेतो. त्याचा जीव नव्हे. उजेडाचे कौल कोठे आहे, ही गोष्ट आपल्याला ठाऊक आहे आणि त्याला नाही. ती त्याला सांगणे हा उपकार नसून देणे आहे, आणि ते तो शिडीच्या पहिल्या पायरीवर असतानाच फेडावयाचे असते.